बिब्ब्यानं झाकलेलं पाणी

मी चौथीपतूर शिकले. सही करती, एश्टीची पाटी वाचती. त्येच्या पल्याड लिवायला बसले तर दिस मावळंल. म्हणून मी बोलतीया आन माझी सून रेखा लिवून घेतीया. आमच्या वस्तीवर येणारी आशाताई म्हणाली, "सगुणाआजी, तुमी सांगा, मी बायांच्या बैठकीत वाचून दाखवती. माझं कोण आयकत न्हाई, तुमचं आयकतील." रेखानं वही घेताना एकच सांगितलं, "आत्ती, झालं तसंच सांगायचं. गोड करून सांगणार असला तर मला भाजी निवडायची हाय."

तवा झालं तसं.

आमची वस्ती माण तालुक्यात, दहिवडीपासनं आत. चार मेंढरं, दोन शेळ्या, पिकंल तेवढी ज्वारी-बाजरी. मालक जाऊन लय वर्सं झाली. ल्योक विलास तिकडं तामिळनाडूत गलाईच्या दुकानात हाय, सोनं-चांदी आटवायचं काम. वर्सातनं एकदा जत्रंला येतो. रेखा दहिवडीत शिलाईच्या कामाला जायाची. सकाळी आठला निघायची, सांजच्याला सहाला परत. तोवर नात आरू माझ्यापाशी. पाच वर्सांची. तिची आंघोळ, वेणी, जेवण, अंगणवाडीला सोडणं-आणणं, समदं माझ्याकडं. रातीला बी ती माझ्याच कुशीत झोपायची.

आन मी वस्तीवरची बिब्बेवाली. सासूनं शिकीवलं. बिब्बा दिव्यावर धरायचा, सुईनं टोचायचा, काळं तेल टोकावर आलं की दुखतंय तितं फुली मारायची. वरनं चुन्याचं बोट. गुडघा धरला, कंबार धरली, बाळाचं पोट फुगलं, चला सगुणाकडं. मेंढराला बी माझाच बिब्बा, माणसाला बी माझाच. बिब्बा उततो कुणाकुणाला, म्हंजे कातडी भाजून फोड येत्यात. "माझ्या हातानं उतत न्हाई," असं मी चारचौघीत सांगायची.

उतला, त्यो माझ्याच नातीला. आरू सा महिन्यांची हुती तवा. पोटावर फुली मारली आन सांजपतूर पोट लालभडक. रेखानं खोबरं चावून त्येचा चोथा लावला. माझ्याकडं बघितलं न्हाई. भिंतीकडं बघून बोलली, "आत्ती, परत माझ्या पोरीला बिब्बा लावलासा तर मी तिला घिऊन तासगावला माहेरी जाईन. मग तुमी आन तुमची मेंढरं."

म्या गळ्याची आण घेतली. ती आण ध्यानात ठेवा. ह्या समद्या आजारपणात मला सुईपरास त्याच आणेचं भ्या जास्ती वाटलं.

* * *

मागच्या सुगीत ज्वारी काढताना डाव्या बरगडीखाली चमक निघाली. श्वास वढला की आत कोण तरी चिमटा काढतंय असं. त्येच्या आधी महिनाभर खोकला हुता, पर खोकला काय, धुराळ्यानं येतोच. सांजच्याला अंग कढत व्हायचं. भाकरी बघूनच पोट भरायचं. ज्वारीची चार ताटं कापली की बांधावर बसायची. उजव्या कुशीवर झोपलं की जीव गुदमरायचा, डाव्या कुशीवर वाईच बरं.

शेजारची जनाक्का, माझ्याच वयाची. तिला म्हटलं, "पाठीत चमक भरलीया. माझा हात पोचत न्हाई. तू मार सात फुल्या."

"माझा हात कापतोय गं. फुली मारायची आन गोंदण व्हायचं."

"मार. कोण बघतंय माझी पाठ."

मारल्या तिनं. दुसऱ्या दिशी उतला. फोड आलं, फुटलं, चिघळलं. आता पाठ दुखायची ती बिब्ब्यानं का आतनं, मलाच कळंना. मी मनाला सांगायची, बिब्बा आजार बाहीर वढतोय, म्हणून दुखतंय. दुसऱ्यांना वीस वर्सं ह्येच सांगत आल्ये. आपलंच सांगणं आपल्याला खरं वाटतं.

पंधरा दिसांनी शेळीमागं गेले आन ओढ्याच्या चढाला श्वासच मिळंना. खाली बसले त्ये उठताच येईना. दुसऱ्या दिशी रेखा कामावर गेली न्हाई. मला धरून दहिवडीच्या डाक्टरकडं नेलं.

डाक्टरनं पाठीवर बोटं ठेवली आन वरनं दुसऱ्या बोटानं वाजीवलं. घागर भरलीया का रिती, आपण वाजवून बघतो ना, तसं. उजवीकडं पोकळ वाजलं. डावीकडं ठप्प. मग फोटो काढला. काळ्या फोटोत डावी बाजू खालनं निम्मी पांढरी. "आजी, फुफ्फुसाच्या भोवती पाणी झालंय. इथं काही होणार नाही, मिरजेला जा."

जनाक्काला कळलं तशी आली. बाजंवर बसली. "समद्या माणात हिरींनी तळ दावला आन हिच्या छातीला पाणी लागलं. टँकरवाल्याला सांगू का गं, पाइप घिऊन ये म्हणून?"

मी हसले आन हसता हसता खोकले.

आन एक येडेपणा केला, सांगती. छातीत पाणी झालंय म्हटल्यावर म्या पाणी प्यायचंच सोडलं. मला वाटलं, वरनं वतलं न्हाई तर आपसूक आटंल. दोन दिस घोट घेतला न्हाई. मिरजेला पोचले तवा जीभ टाळूला चिकटली हुती. तितल्या सिस्टरनं इच्यारलं तवा खरं सांगितलं. ती बाई हसली न्हाई, तिनं आधी मला तांब्याभर पाणी पाजलं. "आज्जी, हे पाणी पोटात जातं. ते पाणी वेगळं."

* * *

मिरजेला दवाखानं लय, आन रेखाचं माहेर जवळ, म्हणून तितं गेलो. आरूला जनाक्कापाशी ठेवली.

डाक्टरीण बाई तरणी हुती, रेखापरास ल्हान. पडद्यामागं नेऊन पाठ उघडी केली.

"हे काय झालंय आजी?"

रेखा बाजूलाच उभी. म्या म्हटलं, "मेंढरानं ढुशी मारली."

"मेंढरानं फुल्या मारल्या? सात?"

रेखा म्हणाली, "त्या बिब्बा लावत्यात. लोकांना बी."

असं वाटलं पदर तोंडावर घ्यावा, पर पदर खांद्यावरनं खाली पडला हुता आन हात वर धरायला सांगितलं हुतं. वस्तीवर मी मोठी शहाणी. हितं पाठीची जखम दाखवत भिंतीकडं तोंड करून उभी.

बाई वरडली असती तर बरं झालं असतं. ती निस्तं म्हणाली, "सुई जिथं घालायची, नेमकं तिथंच पिकलंय. पिकल्या जागेतनं सुई घातली तर घाण आत जाईल." म्हणून आधी मलम, मग सोनोग्राफी, मग कुशीकडनं दुसरी जागा शोधली. दोन दिस गेलं. त्या दोन दिसांत बसल्या जागी धापा टाकल्या त्या माझ्याच करणीनं. दुसऱ्याला बोल लावायला जागाच न्हवती.

ह्याच दोन दिसांत बाईनं मला समजावलं. म्या इच्यारलं हुतं, पाणी आलं कुठनं. ती म्हणाली, "आजी, पाणी हा आजार नाही. पाणी ही खूण आहे. फुफ्फुसाभोवती थोडं पाणी सगळ्यांनाच असतं, श्वास घेताना घासू नये म्हणून. ते वाढलं की आपण कारण शोधायचं. हृदय थकलं तरी वाढतं. मूत्रपिंड बिघडलं तरी वाढतं. न्यूमोनियानं, टीबीनं, कधी गाठीनं. नुसतं काढून टाकलं तर परत भरतं. म्हणून काढायचं आणि तपासायचं."

गाठ म्हटल्यावर रेखानं व्हरांड्यात जाऊन विलासला फोन लावला. मला आयकू येईल असं बोलत न्हवती, पर मला आयकू आलं. "कॅन्सर बी असू शकतो म्हणत्यात. तुमी निघा." आरशात कवातरी बघावं तसं म्या माझं हात बघितलं. मरणाचं भ्या न्हाई वाटलं. एवढंच वाटलं, आता कोण काय इच्यारणार न्हाई, समदं माझ्यासंगं जाईल. असा इच्यार येतो माणसाला. आला मला.

रेखा हितं लिवता लिवता थांबली. म्हणाली, "काय जाईल तुमच्यासंगं?" म्या म्हटलं, लिव, येतंय.

* * *

वार्डात सकाळी साडेपाचला लाइट लागायची. झाडूवाली बाई यायची, मग ताप बघणारी, मग चहा. माझ्या बाजूच्या खाटंवर जतकडची गंगव्वा, निम्मं कानडी बोलायची. मी "काय म्हणतीस" इच्यारलं की तेच परत मोठ्यानं कानडीतनंच सांगायची. तिच्या हृदयामुळं तिला पाणी झालं हुतं, दोन्ही बाजूनं. माझं केस चार दिस इंचरलं न्हवतं. एका सकाळी काय न बोलता आली, माझ्या मागं बसली आन तेल लावून बुचडा बांधला. लगीन झाल्यापासनं कुणी माझं केस इंचरल्याचं मला आठवत न्हाई.

पाणी काढलं तवा मला खाटंच्या कडंला बसीवलं, फुडं टेबलावर उशी, उशीवर हात आन डोकं. आधी बधिर करायची सुई. ती चावली. मग मोठी सुई, ती दाबल्यागत. एक सांगती, भिणाऱ्यांसाठी: दुखतं, पर सोसवतं. हालू नगा आन खोकला आला तर आधी सांगा. नळीतनं पाणी आलं त्ये पिवळं, ताकावरच्या निवळीगत. बाटली भरत गेली. रेखा माझा हात धरून हुती. बाटली भरंल तसा श्वास मोकळा झाला, कुणी छातीवरनं दगुड उचलावा तसा. शेवटाला वाईच खोकला आला तवा बाईनं थांबीवलं.

पाणी तपासायला गेलं. थुंकी बी डबीत दिली.

त्याच सांजच्याला जनाक्काचा फोन आला. आरू मजेत हाय म्हणाली. मग म्हणाली, "गं, पोरगी चार वाजता गोळी मागती. कसली गोळी?"

रेखा शेजारी बसून केळं सोलत हुती.

"पेपरमिंटची," म्या म्हटलं. "असंल तर दे, नसंल तर राहू दे."

* * *

तिसऱ्या दिशी कळलं. टीबी. पाण्यात बी आन थुंकीत बी. बाई म्हणाली, "गाठ नाही, घाबरू नका. सहा महिने गोळ्या, सरकारी, एकही चुकवायची नाही. पूर्ण बरं होतं."

रेखा रडली, बरं वाटून. मी रडले न्हाई. आमच्याकडं टीबीचं नाव घेत न्हाईत. ज्या घरात टीबी त्या घरचं पाणी पीत न्हाईत. म्या रेखाला म्हटलं, "वस्तीवर निमोनिया सांगू." ती म्हणाली, "बघू."

मग बाईनं इच्यारलं, "टीबी नुसता त्या पाण्यात असता तर वेगळं होतं. पण थुंकीत आहे, म्हणजे खोकल्यातनं दुसऱ्याला जाऊ शकतं. घरात लहान मूल आहे?"

"हाय. पाच वर्सांची मुलगी," रेखा म्हणाली.

"तिला ताप, खोकला, वजन कमी, मानेत गाठ?"

"न्हाई. वाळलीया वाईच, पर ताप न्हाई. मी रोज कामावरनं आले की आधी तिलाच जवळ घेती."

मी चादरीची दशी वढत बसले.

बाईनं वहीत लिवलं. मग सहज म्हणाली, "तरी आणून दाखवा. मोठ्यांना छातीत होतो, लहान मुलांत कधीकधी मेंदूला जातो. तसं झालं तर मग आपल्या हातात फार राहत नाही."

ती फुडच्या खाटंकडं निघाली. चार पावलं गेली आसंल. म्या हाक मारली. एवढी वर्सं लोकांना बरं करत हुते, त्या तोंडानं बोलले, "बाई, पोरीला ताप हाय. सांजचा. मानंत चिंचोक्याएवढी गाठ बी हाय. म्या तिच्या कमरंवर बिब्बा लावलाय."

रेखाच्या हातातली पिशवी खाली पडली न्हाई का काय न्हाई. तिनं फकस्त इच्यारलं, "कवापासनं?"

"हितं यायच्या आधी चार-पाच दिस."

"आंघोळ तुमीच घालता म्हणून मला दिसलं न्हाई."

"व्हय."

ती त्याच पावली निघाली. मिरज ते माण, एश्टी बदलत बदलत. दुसऱ्या दिशी दुपारपतूर आरूला घिऊन परत दवाखान्यात. पोरगी माझ्याकडं पळत आली तर रेखानं दंडाला धरून मागं वढली. बरोबर केलं तिनं. मी तोंडाला फडकं बांधून हुते, तरी बरोबर केलं.

आरूच्या गाठीत सुई घातली. ती रडली त्ये मला वार्डात आयकू आलं. तिचा बी टीबीच निघाला, गाठीचा. मेंदूला न्हवता गेला. बाई म्हणाली, "वेळेत आणलीत." ह्ये वाक्य ती रेखाला बोलली. मी उशीत तोंड खुपसलं.

* * *

रेखा पोरीला घिऊन तासगावला गेली, बोलली हुती तशी. तीन महिनं. विलास आला, पंधरा दिस राह्यला, मला गोळ्या कशा घ्यायच्या दाखवून गेला. "आये, एवढं तरी सांगितल्यापरमानं कर," म्हणाला. गोळ्यांनी लघवी लाल हुती, पयल्यांदा बघून भ्याले, तुमी भिऊ नगा. तोंडाची चव जाती. दोन महिन्यांनी भूक आली. परत फोटो काढला तवा डावी बाजू काळी झाली हुती, म्हंजे पाणी गेलं.

वस्तीवर निमोनिया सांगायचं ठरलं हुतं, पर आशाताई दारात गोळ्या घिऊन आली की समद्यांना कळलंच. दोघी-तिघींनी येणं सोडलं. जनाक्कानं न्हाई सोडलं. तिची बी थुंकी तपासली, काय निघालं न्हाई. म्हणाली, "एवढी वर्सं तुझा बिब्बा सोसला, टीबीचं काय घिऊन बसलीस."

माझी थुंकी साफ आल्यावर रेखा परत आली. माझ्यासाठी न्हाई, आरूची अंगणवाडी हितं हाय म्हणून. तिनं शिलाईचं काम सोडलं. आरूच्या बी सा महिन्यांच्या गोळ्या पुऱ्या झाल्या. वजन वाढलं. गाठ गेली. ती आता आईपाशी झोपती.

रेखा दवाखान्यात एकदा बाईला म्हणाली हुती, मी आयकलं. "मी आई हाय. रोज जवळ घ्यायची. मला ताप कसा लागला न्हाई हाताला? कामाच्या नादात माझंच ध्यान न्हवतं." बाई म्हणाली, होतं असं. मी तितंच खाटंवर हुते. मला बोलता आलं असतं. म्या डोळं झाकून घेतलं. आन परवा बी, शेजारणीला सांगताना मी आयकलं तिला, "माझ्या कामापायी पोरगी वाळली, म्हणून काम सोडलं."

आता ह्ये लिव रेखा. झालं तसंच सांगायचं म्हणालीस.

चार-पाच दिस न्हवतं. सव्वा महिना हुता ताप. रोज चार वाजता अंग तापायचं. मी तिला तापाची अर्धी गोळी द्यायची, तू यायच्या आधी दोन तास, म्हंजे तुझा हात लागंस्तवर अंग गार. ताप उतरावा म्हणून पयल्याच दिशी कमरंवर बिब्बा लावला हुता, त्यो झाकायला. ताप कळला असता तर तू कापडं काढून बघितली असतीस, फुली दिसली असती, तू तासगावला गेली असतीस. आरूला सांगितलं हुतं, आईला सांगू नगंस, ही आपली गोळी. तुझं ध्यान हुतं रेखा. तुझा हात बरोबर हुता. म्या गार करून ठेवलेल्या कपाळावर तो पडायचा.

रेखाचं लिवणं थांबलं. "रोज?"

"रोज. रविवार सोडून. रविवारी तू घरात असायचीस, तवा मी तिला घिऊन मेंढरांमागं जायाची."

तिनं त्ये बी लिवलं. रविवारचं बी. मग वही पालथी ठेवली, उठली, भाईर अंगणात आरू खेळत हुती तितं गेली. उभ्या उभ्याच पोरीच्या कपाळावर हात ठेवला. लय येळ ठेवला. आरू म्हणाली, "काय झालं मम्मी?" तर म्हणाली, "काय न्हाई. खेळ."

आत येऊन वही उलटी केली.

"फुडं सांगा."

"फुडं काय न्हाई. एवढंच ऱ्हायलं हुतं."